विषाणूंची वंशावळ

विद्यार्थी मित्रांनो, आज घरी गेल्यावर आजीला किंवा आईवडिलांना एक प्रश्न विचारा. "२००६ साली गावात कसला ताप आला होता?" विदर्भातील पुष्कळ घरांतून एकच उत्तर येईल, "चिकनगुन्या!"

मी त्या वेळी एम.एस्सी.चा विद्यार्थी होतो. पावसाळ्यात बाभुळगावला घरी आलो, तर आजीला उंबरठा ओलांडायला भिंतीचा आधार घ्यावा लागत होता. ताप चार दिवसांत उतरला होता, पण मनगटे, गुडघे आणि घोटे महिनोन् महिने दुखत राहिले. कपाशीच्या निंदणाला मजूर मिळेनात, कारण ज्याला त्याला सांधे धरलेले. चिकनगुन्या हा शब्द आफ्रिकेतील मकोंडे भाषेतला आहे आणि त्याचा अर्थ 'वाकवून टाकणारा' असा आहे. पण हे तेव्हा कोणाला ठाऊक होते? काही जण तर नावातले 'चिकन' ऐकून बिचाऱ्या कोंबडीलाच दोष देत होते.

आजी मला विचारी, "तू एवढा शिकतोस, मग सांग बरं, हा ताप आला कुठून?" मला उत्तर देता आले नाही. ते उत्तर त्याच सुमारास पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत शोधले जात होते. ते शोधणाऱ्या शास्त्रज्ञांच्या प्रमुख होत्या डॉ. विद्या अरणकल्ले. विषाणूंच्या आनुवंशिक द्रव्यातील अक्षरे वाचून त्यांची वंशावळ मांडणे हे त्यांच्या संशोधनाचे एक मोठे अंग. मी पदार्थविज्ञान शिकवणारा माणूस, पण मोजणे, ताडून पाहणे आणि मगच निष्कर्ष काढणे ही रीत सर्व विज्ञानांत एकच आहे. म्हणून ही हकीकत तुम्हाला सांगतो. तिची सुरुवात तापापासून नाही, काविळीपासून होते.

दिल्लीची कावीळ

१९५५ सालच्या नोव्हेंबर महिन्यात यमुनेच्या पुरानंतर नदीचा प्रवाह बदलला आणि नजफगढ नाल्याचे सांडपाणी वझिराबाद येथील जलशुद्धीकरण केंद्राच्या तोंडाशी येऊन पोहोचले. तेथील कर्मचाऱ्यांनी पाण्यातील क्लोरीन वाढवले. त्यामुळे विषमज्वर व हगवण यांचे जिवाणू आटोक्यात राहिले. मात्र महिनाभरानंतर, म्हणजे डिसेंबर १९५५ व जानेवारी १९५६ मध्ये, दिल्लीत काविळीची प्रचंड साथ आली. सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. जिवाणूंना रोखणाऱ्या क्लोरीनला चकवून कोणता तरी विषाणू नळातून घरोघर गेला होता.

हा विषाणू कोणता? पाण्यातून पसरणाऱ्या काविळीचा विषाणू म्हणजे 'ए' कावीळ, असे त्या काळात आणि पुढे बरीच वर्षे मानले जाई. हे तपासण्याची सोय तेव्हा नव्हती. पण कोणीतरी एक शहाणपणाची गोष्ट केली. रुग्णांच्या रक्तजलाचे, म्हणजे रक्त गोठल्यावर वर राहणाऱ्या पिवळसर द्रवाचे, नमुने जपून ठेवले.

विषाणू शरीरात शिरला की रक्तात त्याच्याविरुद्ध प्रतिपिंड तयार होतात. काही प्रतिपिंड नव्या संसर्गानंतर थोडेच महिने टिकतात, तर काही वर्षानुवर्षे राहतात. 'ताजे' प्रतिपिंड सापडले तर संसर्ग नवा आणि फक्त 'जुने' सापडले तर तो केव्हाचा तरी होऊन गेलेला. 'ए' काविळीची अशी चाचणी हाती आल्यावर अमेरिकेतील आणि पुण्याच्या संस्थेतील शास्त्रज्ञांनी दिल्लीचे ते जुने नमुने बाहेर काढले. त्यांच्याबरोबर अहमदाबाद व पुणे येथील नंतरच्या साथींचे नमुनेही तपासले. १९८० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. बहुतेक रुग्णांना 'ए' कावीळ पूर्वीच होऊन गेलेली होती. साथीचा विषाणू 'ए' नव्हता आणि 'बी'ही नव्हता! पाव शतक जपून ठेवलेल्या बाटल्यांनी सर्वांची समजूत खोटी ठरवली.

शत्रू दिसला

'ए' नव्हे, 'बी' नव्हे, मग कोण? १९८३ साली मॉस्को येथील मिखाईल बालायान या शास्त्रज्ञाने एक धाडस केले. अफगाणिस्तानातील सैनिकांच्या छावणीत अशीच कावीळ पसरली होती. तेथील रुग्णांच्या विष्ठेचा अर्क तो स्वतः प्याला! त्याला कावीळ झाली आणि त्याच्या विष्ठेत अगदी सूक्ष्म गोल कण दिसले. (असले प्रयोग कोणी करू नयेत, हे सांगायला नकोच.) पण एका माणसात कण दिसले म्हणजे तेच रोगाचे कारण, असे ठरत नाही. भारतातील साथींचे काय, हा प्रश्न उरलाच होता.

याच प्रश्नावर डॉ. अरणकल्ले काम करीत होत्या. रुग्णांकडून आलेल्या नमुन्यांनी माकडांना कावीळ होते काय, होत असल्यास त्यांच्या विष्ठेत कण सापडतात काय, आणि बऱ्या झालेल्या रुग्णांचे प्रतिपिंड त्या कणांना चिकटतात काय, अशी पायरी पायरीने तपासणी झाली. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली २७ ते ३४ नॅनोमीटर व्यासाचे कण दिसले आणि प्रतिपिंडांमुळे त्यांचे पुंजके झालेले दिसले. हा निबंध १९८८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. डॉ. अरणकल्ले यांच्याबरोबर त्या निबंधात तेव्हाच्या संचालिका डॉ. खोर्शेद पावरी आणि अमेरिकेतील सहकारी यांची नावे आहेत.

आता थोडे गणित करू. एक मिलिमीटर म्हणजे दहा लाख नॅनोमीटर. ३० नॅनोमीटरचे कण एकाला एक लावून ठेवले, तर पट्टीवरच्या एका मिलिमीटरच्या घरात सुमारे ३३,००० मावतील. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर असते, त्यामुळे तुमच्या शाळेतल्या सूक्ष्मदर्शकातून हे कण कधीच दिसणार नाहीत. इलेक्ट्रॉनची तरंगलांबी प्रकाशाच्या मानाने फारच लहान, म्हणून त्याचा 'प्रकाश' येथे उपयोगी पडतो.

या विषाणूला पुढे 'ई' कावीळ विषाणू असे नाव मिळाले. १९९० साली अमेरिकेतील ग्रेगरी रेयेस व सहकाऱ्यांनी त्याचे आनुवंशिक द्रव्य वेगळे केले आणि नेमकी चाचणी करणे शक्य झाले. पुन्हा जुन्या बाटल्या बाहेर आल्या! १९९४ साली डॉ. अरणकल्ले व सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, भारतातील तपासलेल्या १७ साथींपैकी १६ साथींत 'ई' विषाणूचा हात होता.

हे महत्त्वाचे का? 'ई' कावीळ बहुतेकांना काही आठवड्यांत सोडून जाते. पण गर्भवती स्त्रियांच्या बाबतीत ती क्रूर आहे. गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत हा रोग झाला, तर दर शंभरांपैकी वीस-पंचवीस स्त्रिया दगावू शकतात. म्हणून हा विषाणू कोठून येतो हे कळणे म्हणजे आई आणि बाळ या दोघांच्या जिवाचा प्रश्न होता.

जर्नलमधील चूक

आता वंशावळीकडे वळू. प्रात्यक्षिक परीक्षेच्या आधी माझ्या टेबलावर जर्नलांचा ढीग येतो. समजा, साध्या दोलकाच्या प्रयोगात 'अ' या विद्यार्थ्याने दोलकाची लांबी ८५ सेंटिमीटर अशी बरोबर लिहिली. 'ब' ने त्याचे जर्नल उतरवताना ५८ लिहिली. पुढे 'क' आणि 'ड' यांच्या जर्नलांतही ५८ च सापडली. 'ड' च्या जर्नलात शिवाय 'आवर्तकाल' हा शब्द चुकला आहे आणि 'इ' च्या जर्नलात ५८ ही आहे व तोच चुकलेला शब्दही आहे. कोणी कोणाचे उतरवले हे मला न विचारता कळते. 'इ' ने 'ड' चे पाहिले आणि सगळ्यांचा मूळ पुरुष 'ब'!

विषाणूंचेही असेच आहे. आपण येथे पाहत आहोत त्या विषाणूंचे आनुवंशिक द्रव्य म्हणजे आर.एन.ए. नावाचा लांबच लांब रेणू. तो चार घटकांच्या क्रमाने बनलेला असतो. त्यांना आपण ए, यू, जी आणि सी ही चार अक्षरे म्हणू. 'ई' विषाणूच्या आर.एन.ए. मध्ये अशी सुमारे ७,२०० अक्षरे असतात. विषाणू आपल्या पेशीत शिरून स्वतःच्या प्रती काढतो, तेव्हा अक्षरे उतरवताना चुका होतात. चूक पुढच्या सर्व पिढ्यांत उतरत जाते आणि तीत नव्या चुकांची भर पडते. दोन विषाणूंच्या अक्षरांत फरक थोडा, तर नाते जवळचे. फरक मोठा, तर नाते दूरचे.

प्रयोगशाळेत आधी आर.एन.ए. ची डी.एन.ए. प्रत काढतात, मग तिच्या लाखो प्रती करतात आणि अक्षरांचा क्रम वाचतात. नंतर संगणक एकेक अक्षर समोरासमोर ठेवून वंशावळ काढून देतो. पण संगणकाला जुने जर्नल मिळाले नाही, तर तो तरी काय ताडून पाहणार? म्हणूनच वर्षानुवर्षे शून्याखालील कडक थंडीत ठेवलेल्या नमुन्यांना एवढे मोल आहे.

दोषी कोण, डुक्कर की पाणी?

१९९७ साली अमेरिकेत डुकरांमध्ये 'ई' सारखा विषाणू सापडला. तो माणसांतील विषाणूच्या जवळचा निघाला. साहजिकच आपल्याकडेही शंका आली. गावोगाव उकिरड्यावर डुकरे फिरतात, तेव्हा कावीळ तीच पसरवीत असतील काय?

डॉ. अरणकल्ले यांच्या गटाने १९७६ ते १९९३ या काळातील भारतीय रुग्णांमधील विषाणूंची अक्षरे वाचली होतीच. ते सारे एकाच घराण्यातले, म्हणजे जनुकीय प्रकार १ चे, होते. मग त्यांनी पश्चिम भारतातील डुकरांमधील विषाणू वाचला. २००२ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, डुकरांतील विषाणू प्रकार ४ चा होता. एकाच प्रदेशात माणूस आणि डुक्कर शेजारी शेजारी राहतात, पण त्यांच्या विषाणूंची घराणी निराळी! माणसांत होणारी कावीळ डुकरांतून येत असती, तर दोघांत एकच घराणे सापडायला हवे होते. जपान व युरोपात डुकराच्या अर्धवट शिजलेल्या मांसातून 'ई' कावीळ झाल्याची उदाहरणे आहेत, पण तेथील विषाणू निराळ्या प्रकारांचे आहेत. आपल्या साथींचा मार्ग माणसाच्या विष्ठेतून पाण्यात आणि पाण्यातून पुन्हा माणसाच्या पोटात असा आहे.

या निष्कर्षाचा अर्थ ध्यानात घ्या. काविळीची साथ आली म्हणून डुकरांच्या मागे लागण्यात वेळ घालवला, तर फुटलेली पाण्याची नळी तशीच राहील.

नागपूरचे नाव असलेला विषाणू

आता आपल्या विदर्भाकडे येऊ. १९६५ साली नागपुरात तापाची साथ आली असता पुण्याच्या शास्त्रज्ञांना दोन रुग्णांच्या रक्तात एक नवाच विषाणू मिळाला. नागपूर भागातील चांदीपुरा या ठिकाणावरून त्याला 'चांदीपुरा विषाणू' असे नाव दिले गेले. त्या वेळी त्याच्यामुळे मोठे संकट ओढवले नाही आणि तो संस्थेच्या संग्रहात जाऊन बसला.

२००३ साली आंध्र प्रदेशात मुले पटापट मरू लागली. ताप, झटके, बेशुद्धी आणि एक-दोन दिवसांत मृत्यू. ३२९ मुले आजारी पडली आणि त्यांपैकी १८३ दगावली. कारण कळेना. पुण्यात नमुन्यांतून विषाणू वाढवला, तेव्हा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे कण दिसले. या आकाराचे विषाणू पुष्कळ आहेत, आपल्या परिचयाचा रेबीजचा विषाणूही त्यांतलाच. पण संग्रहातील ज्ञात विषाणूंशी ताडून पाहता आणि अक्षरे वाचता ओळख पटली. हा तर नागपूरचा १९६५ चा चांदीपुरा! या संशोधनाच्या निबंधातही डॉ. अरणकल्ले एक लेखिका आहेत. १९६५ साली 'याने फारसे काही होत नाही' म्हणून ती बाटली कोणी फेकून दिली असती, तर अडतीस वर्षांनी ही ओळख पटवणे किती अवघड झाले असते!

बार्शी, यवत आणि २००६

आता आजीच्या प्रश्नाचे उत्तर. भारतात चिकनगुन्याची पहिली मोठी साथ १९६३ साली कोलकात्यात आली. १९७३ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे साथ आली आणि त्यानंतर हा रोग बत्तीस वर्षे जणू नाहीसा झाला. २००५ च्या अखेरीस तो परतला आणि १३ राज्यांतील १३ लाखांहून अधिक लोकांना त्याने वाकवले. हा बार्शीचाच विषाणू कोठेतरी दबा धरून बसला होता, की कोणी नवा पाहुणा होता?

पुण्याच्या संग्रहात १९६३ चा बंगालमधील विषाणू होता आणि १९७३ चा महाराष्ट्रातील होता. शिवाय २००० साली पुणे जिल्ह्यातील यवत या गावी डासांमधून मिळालेला एक विषाणूही होता. (हे यवत म्हणजे आपले यवतमाळ नव्हे, बरे का!) डॉ. अरणकल्ले व सहकाऱ्यांनी या साऱ्यांची आणि २००६ च्या विषाणूंची संपूर्ण अक्षरे वाचली. चिकनगुन्याच्या आर.एन.ए. मध्ये सुमारे ११,८०० अक्षरे असतात. आता तुम्ही वही घ्या आणि हिशेब करा.

२००६ च्या भारतीय विषाणूचे जुन्या, १९६३ व १९७३ च्या विषाणूंशी साम्य सुमारे ९४ टक्के. म्हणजे ११,८०० पैकी जवळजवळ ७०० अक्षरे निराळी. यवतच्या विषाणूशी साम्य सुमारे ९८ टक्के, म्हणजे २३६ च्या आसपास अक्षरे निराळी. आणि त्याच काळात हिंदी महासागरातील रियुनियन बेटावर साथ पसरवणाऱ्या विषाणूशी साम्य ९९.९ टक्के, म्हणजे फरक केवळ डझनभर अक्षरांचा!

निवाडा स्पष्ट झाला. बार्शीचा विषाणू आशियाई घराण्यातला होता आणि २००६ चा आफ्रिकी घराण्यातला. यवतचाही आफ्रिकीच, म्हणजे हे घराणे साथीच्या पाच-सहा वर्षे आधीच महाराष्ट्रात पाऊल ठेवून गेले होते. पण २००६ ची साथ त्याच्या वंशजांची नव्हती, कारण इतक्या थोड्या वर्षांत एवढा फरक पडणे शक्य दिसत नाही. ती हिंदी महासागरातील बेटांवर थैमान घालणाऱ्या शाखेचीच होती.

एका अक्षराचीही गंमत पाहा. रियुनियनमधील विषाणूत एका जागी एकच अक्षर बदलले आणि तो 'एडिस अल्बोपिक्टस' या डासात सहज वाढू लागला. २००६ च्या भारतीय नमुन्यांत हा बदल आढळला नाही. पण २००७ साली केरळातील साथीत तो सापडला. आपल्याकडच्या शहरांत व गावांत घरातील साठलेल्या पाण्यात वाढणारा 'एडिस इजिप्ती' हा डास मुख्य, तर केरळात रबराच्या व इतर बागांत अल्बोपिक्टसचे राज्य. म्हणजे जुळ्ळारी अक्षर बदलले की कोणत्या डासावर पाळत ठेवायची हेही बदलते!

तुमचे काम

राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतून निवृत्त झाल्यावर डॉ. अरणकल्ले यांनी पुण्यातच भारती विद्यापीठाच्या आरोग्य संशोधन संस्थेत काम चालू ठेवले. 'ई' काविळीच्या लशीवरही त्यांच्या गटाने काम केले असून तिचे माकडांवरील प्रयोग २००९ साली प्रसिद्ध झाले. या साऱ्या कामात त्या एकट्या नव्हत्या, हे त्यांच्या प्रत्येक निबंधावरील नावांच्या यादीवरून दिसते. आणि ज्यांची नावे यादीत नाहीत, असेही पुष्कळ जण आहेत. साथीच्या गावात जाऊन रक्त गोळा करणारे, बाटलीवर गाव, तारीख आणि रुग्णाचा क्रमांक नीट लिहिणारे, वीज गेली तर शीतपेटीकडे धावणारे. बार्शीच्या बाटलीवरील चिठ्ठी पुसली गेली असती, तर आजीच्या प्रश्नाचे उत्तर अपुरेच राहिले असते.

तेव्हा मित्रांनो, दोन कामे करा. पहिले, शाळेत एक वही ठेवा. गावात ताप किंवा कावीळ कोणत्या महिन्यात, कोणत्या भागात आणि किती घरांत आली, हे दर वर्षी तारखेसह लिहा. नावे लिहू नका, आकडे लिहा. आपल्या आधीच्या तुकडीची वही पुढच्या तुकडीच्या हाती द्या. आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना ती दाखवा.

दुसरे, पावसाळ्यात बेंबळेचे पाणी गढूळ होते, विहिरींत झिरपा येतो. त्या दिवसांत तुमच्या ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला भेटा. टीसीएल पावडर किती व केव्हा टाकतात हे विचारा आणि ओ.टी. चाचणी करताना पाहा. नमुन्यात द्रावणाचे थेंब टाकले की पाणी पिवळे झाले, तर त्यात क्लोरीन शिल्लक आहे. पण दिल्लीची गोष्ट विसरू नका. सांडपाणी मिसळलेल्या पाण्यात केवळ क्लोरीन वाढवून भागले नव्हते. म्हणून नालीतून गेलेली नळी कोठे फुटली आहे तेही शोधा. घरात कोणी गर्भवती असेल, तर तिच्यासाठी पाणी उकळूनच ठेवा.

माझी आजी आता नाही. तिच्या प्रश्नाचे उत्तर मला तिच्या हयातीत देता आले नाही. पण तुमच्या आजीने असा काही प्रश्न विचारला, तर तुम्ही मात्र वही काढून बसा. कदाचित उत्तराचा पहिला धागा त्या वहीतच सापडेल.